नोंद आढळत नाही

रात्रीचे पावणेबारा, धायरी, तिसरा मजला.
काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ :
असं कुठलंही पार्टिशन नाही.
खाली ग्रब रेस्क्यू, आणि त्यापुढे
लुकलुकणारी एक आडवी रेघ,
बोला, काय काम होतं, असं विचारणारी.

चूक माझीच.
तापकीर गल्लीतून साडेपाच हजारांना आणलेला हा लॅपटॉप.
मुनाफ तांबोळीनं पेनड्राइव्हवर लिनक्स घालून दिलं, वर बजावलं,
"काका, डिस्कला हात लावायच्या आधी एक चहा घ्या."
मी चहा घेतला.
मग हात लावला.
विंडोजच्या पलीकडे लिनक्स नीट बसलं होतं, दोन दिवस चाललंही,
पण मधोमध दहा जीबीचा एक तुकडा पडीक दिसायचा,
ना नाव, ना वापर.
चौतीस वर्षं नगर भूमापनात काढलेल्या माणसाला
पडीक तुकडा बघवत नाही.

तो पाच नंबर होता. गेला.
तर पुढचा जो सहा,
तो गुपचूप पाच झाला.
जागा तीच, चतुःसीमा त्याच,
एक बाइटही इकडचा तिकडे नाही,
पण दारावरच्या शिपायाच्या हातात चिठ्ठी जुनी :
सहाकडे जा.
आणि सहा तर आता नाहीच.

हे वाक्य मला पाठ आहे.
मी ते खिडकीच्या आतल्या बाजूनं बोलायचो.
हौसाबाई लडकत, राहणार मुंढवा.
फेरमोजणीत मधला एक नंबर रद्द झाला
आणि मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले.
दर सोमवारी बाई यायच्या, मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत
घडीवर फाटलेला उतारा घेऊन.
"बाई, या नंबरची नोंद आढळत नाही."
"नंबर जळू द्या की सायेब,
येऊन तर बघा. हीर तितंच हाय."
मी रजिस्टर मिटायचो.
जेवणाची सुट्टी.
अकरा वर्षं आल्या. मग यायच्या थांबल्या,
आणि मी चौकशी केली नाही.

फोनवर मुनाफ, जांभया देत :
"पुसलं काहीच गेलेलं नाही, काका.
चहा घेतला होता ना?
एकेक दार उघडून आत बघा."

एल एस. हार्ड डिस्क शून्य, पार्टिशन एक.
अनोळखी फाइलसिस्टम.
तीन.
अनोळखी.
चष्मा पुसला. पाच.
आणि भराभरा सगळे दारात आले,
होम, ईटीसी, व्हार, बूट,
काल जसे होते तसेच, नुसते हाक मारायची वाट बघत.
"हीर तितंच हाय," मी मोठ्यानं म्हणालो.
"काय?" मुनाफ म्हणाला.

पुढचं सोपं होतं, लाज वाटावी इतकं.
प्रीफिक्समध्ये सहाच्या जागी पाच.
इन्समॉड नॉर्मल.
मग नुसतंच, नॉर्मल. एंटर.
मेनू आला, त्यामागून निळसर उजेड,
शेजारच्या इमारतीचा पंप सुरू झाल्याचा आवाजही तेव्हाच ऐकू आला.
"आता आत जाऊन ग्रब डिस्कच्या माथ्यावर नव्यानं बसवा,
नाहीतर उद्या परत हेच."
बसवलं.
घड्याळ पाहिलं : सगळं मिळून चार मिनिटं.
परत पाहिलं.

वहीत नोंद केली, जुन्या सवयीनं, तारखेसह :
जुना सहा, नवा पाच.
दोन्ही नंबर शेजारी शेजारी.
एवढा एक जादा रकाना
त्या रजिस्टरात आखायला हवा होता.
पट्टी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.