बिनखळीचं कापड

विजयदुर्गाकडून आलेल्या कारकुनानं
आमच्या ओसरीच्या सारवणावर कोळशानं जहाज काढलं.
आधी एक आडवी रेघ. हा पठाण, म्हणाला, गुराबीचा कणा,
अख्ख्या सागाचा, मधे सांधा नाही.
मग फासळ्या. मग लांब, खाली झुकलेली नाळ,
वास काढत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडासारखी.
नाळेवरून दोन तोफा थेट पुढं बघणार.
"आणि पाणी?" बापानं विचारलं.
रेघेखालच्या भुईवरून त्यानं तळवा फिरवला.
"हे."

आमच्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं,
उन्हाळ्यात तळाशी म्हशी बसलेल्या.
बाप, बसलिंग, मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरला
आणि आतूनच म्हणाला,
"वारा किती जड असतो, तेवढं सांगा."

कारकुनाला ते येत नव्हतं.
त्याला आलं ते त्यानं सांगितलं: सूत दुपदरी, पीळ उलटा,
पन्हा कमी चालेल, काठ घट्ट. आणि खळ लावायची नाही.
खळ समुद्र खातो, मग कापड ढिलं पडतं.
बिनखळीचा ताणा! आई गंगव्वानं कपाळावर हात मारला.
दिवसाला चाळीस धागे तुटायचे,
चाळीस गाठी, निम्म्या तिच्या, निम्म्या माझ्या.
संक्रांतीला एकशे बारा पट बैलांवर चढले
आणि घाट उतरून गेले.

तिसऱ्या वर्षी शीड परत आलं,
दुरुस्तीला, पटामागं दोन आणे.
ओसरीत मावेना,
किल्ल्याच्या खंदकापलीकडं माळावर पसरलं.
बाप पायताण काढून त्यावर चढला
आणि चालत चालत वाचू लागला:
हे लांब फाटलेलं, वाऱ्याचं.
ही गोल भोकं समोरच्याची.
ही राईएवढी, काळ्या किनारीची, शंभरेक,
आपल्याच तोफांच्या ठिणग्या.
म्हणजे वारा उलटा होता बे, तरी मारत राहिले.
एका तपकिरी डागावरून मात्र
तो पाय न ठेवता, काही न बोलता पलीकडं गेला.

मी माझ्या गाठी शोधत होतो.
एक सापडली, भोकापासून दोन बोटांवर.
सुटली नव्हती.

सवयीनं त्यानं काठ दाताखाली धरला आणि थांबला.
"चाख."
खारट. मागून कडू.
आईनंही चाखलं. "भाजीला नको," म्हणाली.

ठिगळं लावून शीड गेलं.
पुन्हा आलं नाही, दोन आणेही आले नाहीत.
तुळजाप्रसाद, एवढं नाव पत्रात होतं.
दर सणाला ओसरी सारवताना
आई कोळशाच्या जहाजाला वळसा घालायची.
ती गेल्यावर माझी बायको घालते, का ते न विचारता.
भोवतीची भुई थरावर थर चढत गेली.
आज ते दोन बोटं खोल आहे.
परवा नातवानं त्यात तांब्याभर पाणी ओतलं.