कुंभारीण

मणक्यात क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष,
त्यातले पहिले सहा महिने फळीवर, उताणं.
तीस वर्षं मी चोडणच्या फेरीबोटीवर
दोर टाकला, दोर सोडला;
आपल्याला पाठ आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं.

आता पाठ सोडून काही नाही.
वर वासे, कौलं, त्यातलं एक काचेचं.
उजवीकडे शिंपल्यांची जुनी खिडकी,
तिच्यातून उजेड येतो तो पाणी घातलेल्या दुधासारखा.
डावीकडे औषधांचं कपाट.
सकाळच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते.
हेमावती म्हणते, रंगावरून तरी कळतं, लागू पडतंय.

पहिले दोन महिने मी काहीच बघितलं नाही.
म्हणजे डोळे उघडे असायचे.
धक्क्यावरून भोंगा आला की
ही नऊ-वीसची, हिला उशीर झाला,
दोरावर रुझार असेल की तो नवा पोर.
मध्येच पाल चुकचुकायची
आणि हेमावती स्वयंपाकघरात जमिनीवर बोट आपटायची.
पालीला माझं काही माहीत नव्हतं.
ती दिव्यावरच्या पाखरांसाठी आलेली.

श्रावणात एका उघडिपीला
ती आली. कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी,
तोंडात ओल्या मातीची गोळी, मोहरीहून जराशी मोठी.
कपाटाच्या कडेला टेकवली आणि थापली,
गुणगुणत. खरंच गुणगुणत,
थापायचं थांबलं की गुणगुण थांबायची.
एका मडक्याला सत्तावीस खेपा. मी मोजल्या.
सवय माझी, अमुक गाड्या, तमुक दुचाक्या, मग फळका वर.
मडक्याला तिने गळा केला, काठ बाहेर वळवला,
तासाभरात बुजवायचा असूनही.

मग अळ्या आणल्या. हिरव्या, मऊ, एकेक आत ढकलली.
पुतण्या वामन डिचोलीला शास्त्र शिकवतो. तो म्हणाला,
काका, मेलेल्या नाहीत त्या. डंख मारून लुळ्या केल्यात.
पिल्लाला ताजं खायला मिळावं म्हणून.
तो गेला. मी काचेच्या कौलाकडे बघत राहिलो,
अंधार पडून ते दिसेनासं झालं तरी.
कपाटावर, माझ्यापासून चार हातांवर,
कुणीतरी हलता येत नाही म्हणून पडून होतं.
कळत असेल का त्यांना?
ह्यात दिलासा कसला! पण त्या रात्री
मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी जागा होतो.

चवथ आठ दिवसांवर आली. हेमावती
झाडू घेऊन स्टुलावर चढली.
"नको!"
एवढा आवाज माझ्यात उरलाय
हे दोघांनाही माहीत नव्हतं.
ती उतरली, हसली, स्टुलावरच बसून रडली,
मग माटोळीची दोरी शोधायला गेली.

चवथीनंतर बांबोळीला नेलं, फोटो काढायला.
रुग्णवाहिका माझ्याच बोटीवर चढली.
रुझारने खिडकीतून डोकं घातलं. "किती दिवस रे अजून?"
मी म्हटलं, "आज-उद्या फुटेल."
त्याला वाटलं पाठीचं. तोंड उतरलं बिचाऱ्याचं.
समजावून सांगेपर्यंत रायबंदर आलं.

संध्याकाळी परतलो तर मडक्याला भोक,
गोल, करंगळी न शिरेल एवढं.
दोन महिने नजर न हलवता राखण केली
आणि ती नेमकी क्ष-किरणांच्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी मग पट्टा बांधून बसायची मुभा दिली,
दिवसातून पाच मिनिटं.
कपाट प्रथमच समोरून दिसलं. वाटलं होतं त्याहून लहान.
हेमावती म्हणाली, आता काढू का ते?
थांब म्हटलं.
भोकाच्या तोंडाशी एक चिमुकला कोळी होता,
पुढचे दोन पाय बाहेर काढून,
भाड्याची खोली बघायला आल्यासारखा.