चार हजार एकशे बारा

बघा की, मीटरवर आकडा आहे चार हजार एकशे बारा.
मैल. किलोमीटर नव्हेत.
पुण्याहून आलेले गृहस्थ गुडघ्यावर बसून
तो असा वाचतात,
जसा निकालाच्या बोर्डावर कुणी मुलाचा नंबर वाचावा.

सेकंड गेटजवळ, डॉक्टर पायगोंडा चौगुल्यांच्या शेडमध्ये
आम्ही तिघं : ते, डॉक्टरांचा मुलगा अभिनंदन,
आणि मी, उद्यमबागेतला कणबरकर मिस्त्री,
तपासून सांगायला बोलावलेला.
चौथी ती.
बाटलीच्या काचेसारखी हिरवी, दोन सीटची, टप उघडणारी,
अठ्ठावन्न वर्षांची, आणि कंबर अजून बारीक.

"इतकी कमी चाललेली म्हणून," गृहस्थ म्हणतात,
"बारा लाख वर देतोय."

न चाललेल्या गाडीचं काय होतं ते मला विचारा.
टायर टेकतात त्या जागी चपटे होतात,
रबरी वायसर पापडासारखे मोडतात,
टाकीच्या तळाला गंज, पेट्रोलला वार्निशाचा वास,
ब्रेकचा सिलिंडर अडकला की अडकलाच.
उभं राहणं म्हणजे विश्रांती नव्हे.
लोखंडाला तर मुळीच नव्हे.
आमच्याकडच्या बंद फौंड्र्या बघा,
मशिनं तेल लावून झाकलीत,
उद्या कुलूप काढलं तर कुठलं फिरतंय?

आणि ही?
डॉक्टर जाऊन चार महिने झाले,
तरी अर्ध्या चावीत सुरू.
"वा! काय जपलंय!" गृहस्थ.

मला आठवली रात्री साडेअकराला वाजणारी माझ्या दाराची कडी.
डॉक्टर. अंगात दवाखान्यातलाच शर्ट.
"केबल काढ रे."
एवढंच.
मी डॅशबोर्डाखाली आडवा, टॉर्च दातांत,
मीटरच्या केबलीचा नट सोडवायचा,
आणि ते निघायचे, टप उघडा टाकून, जांबोटीच्या रस्त्यानं,
कणकुंबीच्या पुढं, चोर्ल्याचा घाट उतरून
परत दूधवाल्याच्या आधी दारात.
काचेवर किडे चिकटलेले.
बॉनेटखाली थंड होत जाणाऱ्या लोखंडाची टिकटिक.

सकाळी कळायचं, रात्री टेबलावर कोण गेलं ते.
हलग्याची बाळंतीण.
कडोलीचा पोरगा, सहावीतला, साप चावलेला.

एकदाच विचारलं, साहेब, केबल का?
म्हणाले, "ह्या रात्री मोजायच्या नाहीत, कणबरकर."
एकोणतीस वर्षं.
मीही बेरीज केली नाही.

"खरंच इतकीच चाललीय ना?"
अभिनंदन माझ्याकडं बघतोय.
त्याला लहानपणी या गाडीत कधी बसवलं नव्हतं,
त्याला वाटतं, बाबा हिला फक्त पुसायचे.

म्हटलं, "खाली या, एक दाखवतो."
टॉर्च मारला.
पितळी नट. सहा कडा होत्या कधीतरी,
आता झिजून वाटाण्यासारखा गोल,
वर माझ्या पान्याचे ओरखडे, एकावर एक.
मला याहून स्वच्छ अक्षर येत नाही.

गृहस्थांनी नीट बघितलं. मोबाईलवर फोटो काढला.
"नटसुद्धा मूळचाच की हो!"
आणि उठून अभिनंदनचा हात हातात घेतला.

खोटं मी बोललो नाही.
बारा लाख कशाचे, ते मला माहीत होतं,
त्यांना आकड्याचे वाटले.

दुपारी कंटेनर आला.
गाडी चालवत चढवायला नको म्हणाले, मीटर हलेल.
चौघांनी ढकलली. एक हात माझा.
तिकडं काचेच्या खोलीत ठेवणार म्हणे, थंड हवेत,
खाली पांढरी फरशी.

तपासणीचे पाचशे अभिनंदननं माझ्या खिशात कोंबले.
दोन वर्षांत ब्रेकचा सिलिंडर अडकेल.
नंबर देऊन ठेवलाय मी.