हे अंशतः खरे आहे

चिठ्ठीत मला नगरविकास आलं.
राज्यमंत्री.
कॅबिनेट ऋग्वेद पाटणकरला,
त्याच्याकडे कोट होता.

डिंगणकर मॅडमनी खोली क्रमांक चौदाचं सभागृह केलं.
बाक घोड्याच्या नालेसारखे वळवले,
विरोधक खिडकीकडे, तिथला पंखा बंद होता.
राजदंड म्हणून केमिस्ट्रीच्या लॅबमधला लोखंडी स्टँड.
अध्यक्ष झैनब दळवी,
तिच्यापुढची घंटा कॅन्टीनमधून उसनी.

पहिला तारांकित प्रश्न निकिता खरटमोलचा.
कागद न बघता म्हणाली:
भांडुपच्या टेकडीवर, सहाव्या गल्लीच्या वर,
पाणी पहाटे पावणेचारला येते
आणि चार वाजून पाच मिनिटांनी जाते,
हे खरे आहे काय?

मला माहीत होतं.
तिच्या पिंपात जाणारा निळा पाइप
आमच्या मोरीवरून जातो.
त्याच पहाटे ती मला म्हणाली होती,
सरक ना, माझा हंडा अर्धाच आहे.

पण उत्तर विभागाने तयार ठेवलं होतं,
विभाग म्हणजे मी,
लायब्ररीत जुन्या कार्यवाहीचे खंड चाळत बसलेला.

अध्यक्ष महोदया,
हे अंशतः खरे आहे.

बाकं वाजली. माझ्या बाजूची.
लाकडावर तळहातांचा तो आवाज
आधी कधी माझ्यासाठी आला नव्हता.
खरं सांगायचं तर आवडला.

शुद्धीकरण केंद्र आमच्या उशाशी,
तिथून अख्ख्या शहराला पाणी जातं,
मग टेकडीवर का चढत नाही?
सदर बाब महापालिकेच्या अखत्यारीत येते.
मग तुम्ही कशाला आहात?

झैनबने घंटा वाजवली. हा उपप्रश्न होत नाही.
मग जरा थांबून म्हणाली,
रेकॉर्डवर राहू दे.

शेवटच्या भागाला मी कागदात पाहिलं:
प्रश्न उद्भवत नाही.
इतकं स्वच्छ वाक्य मी घरी कधी ऐकलं नव्हतं.
त्यात कुणी काही करत नाही,
कुणी काही करायचं राहून जात नाही,
प्रश्नच आपल्या पायांनी
यायचं टाळतो.
मी ते वाचलं. आवाज हलला नाही.

विरोधकांनी सभात्याग केला,
म्हणजे पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले.
बाहेर घागमामा बाक सरळ करायला थांबलेले,
त्यांनी विचारलं, झालं का सरकार?
मला चार वाजता कुलूप लावायचंय.

गुण नंतर लागले.
मला वीसपैकी अठरा, संसदीय भाषेवर पकड.
निकिताला तेरा. शेरा:
विषयाची मांडणी वैयक्तिक.

दुसऱ्या दिवशी पहाटे
पाइपचं तोंड तिच्या हातात होतं.
मी दोन कळशा घेऊन मागे उभा.
किती वेळ लागेल गं?

तिने वळूनही पाहिलं नाही.
माहिती घेऊन
पटलावर ठेवते, म्हणाली.