तणीस

वडशाच्या नाटकांत तेव्हा तिसऱ्या अंकात
कुणीतरी पडायचंच,
माडीवरून, कड्यावरून, नाहीतर विहिरीत.
माडी म्हणजे सागाचे चार खांब, वर फळ्या,
फळ्यांना रंगवलेला कठडा.
विहीर म्हणजे पडद्यामागचा अंधार
आणि त्या अंधारात मी, लटारू,
धानाचं तणीस पसरून बसलेला.

दुर्पता गुरनुले पहिल्यांदा पडली
तेव्हा सतरा वर्षांची होती.
नाटकात तिला तीन लेकरं होती.
उडीआधी वरून वाकून विचारलं तिनं,
"काका, पडाचं कसं, थे सांगा जी."
म्हटलं, हनुवटी छातीला लाव, दात मिटून घे
आणि डाव्या अंगाला ये.
उजवीकडे जनरेटरची वायर होती.
एवढंच कारण.

अकरा हंगाम ती डावीकडे पडली.
मंडईच्या गावी, शंकरपटाच्या गावी,
सिंदेवाही, ब्रह्मपुरी, कुरखेड्याच्याही पलीकडे,
आणि मग केसांतल्या काड्या वेचता वेचता
मॅटाडोरमध्ये झोपून जायची.
एकदा माझ्याकडून तणीस ओलं पसरलं गेलं.
मनगट सुजलं तिचं.
मालकाला म्हणाली, बांगडी रुतली.

मग तो फ्रान्सचा माणूस आला.
काही लिहायला आला होता की नुसता फिरायला,
कुणाला नीट कळलं नाही.
लाखोरीचे वडे खात पहिल्या रांगेत बसला
आणि तिसऱ्या अंकात ताडकन उभा राहिला.
मागच्यांनी ओरडून खाली बसवला त्याला.

पुढचं सगळं मला फोनवर कळलेलं.
दोन पिक्चरांत ती पाठमोरी मेली.
तिसऱ्यात तोंड दिसलं, दोन वाक्यं होती,
त्यातली एक किंकाळी.
आणि हे चौथं, मोठं, गोळीबाराचं.
यात तिला नाव आहे, बंदूक आहे, मोटारसायकल आहे.
तरी उडीसाठी म्हणे दुसरी बाई आणली होती,
हिच्यासारखेच केस लावून.
दुर्पता म्हणाली, "थे पडन, त मी का करू मंग?"
हे फ्रेंचमध्ये कसं म्हणाली, देव जाणे.

तिथं खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचतात,
थरावर थर, घराएवढे उंच.
पहिल्या तालमीला ती काठावर आली.
दुसऱ्या तालमीलाही.
मास्तर ओरडला, सरळ ये, सरळ!
तिसऱ्यांदा कोपर सोलवटलं,
तेव्हा तिथल्या पोरांनी
काही न बोलता सगळे खोके
डावीकडे सरकवले.

हे तिनं हसत सांगितलं.
मी हसलो नाही.
मला ती वायर आठवली, हिरवी,
मध्ये मध्ये चिकटपट्टी गुंडाळलेली.

पिक्चर आता हिंदीत बोलतं.
परवा प्रयोग आटोपल्यावर
भोजराजच्या मोबाइलवर पाहिलं आम्ही,
मॅटाडोरच्या मागल्या बाकड्यावर नऊ जण,
कुणाच्या तोंडाला अजून रंग तसाच.
चौथ्या मजल्यावरून ती धावत आली.
खाली त्यांनी दगडी रस्ता दाखवला,
भिजलेला, चकचकीत.
खोके कुठंच नाहीत.
माझे हात आपोआप पुढे झाले.
"काका, मोबाइल पडन ना!" भोजराज ओरडला.
तेवढ्यात तिचं पडणं होऊन गेलं.
पुन्हा लाव म्हणायची लाज वाटली मला.

नव्या पोरीला, डिंपल वाढईला,
स्पंजची गादी हवी आहे.
बरोबर आहे तिचं.
मालक म्हणतो, पुढल्या हंगामाला पाहू.
तोवर मी तणीसच पसरतो, हातानं चाचपून,
खडा दिसला तर काढून, अगदी मधोमध.
जनरेटर आता मंडपाबाहेर असतो.
तरी उठता उठता
एक पेंढी डावीकडे टाकतो.