पाणी फिरताना

हडीच्या खाजणात, बांधावरून चालतोय.
वैशाख. चपलेखाली
कालवांचे जुने शिंपले कुरकुरतात,
बाकी आवाज नाही.

ओहोटीने चिखल उघडा टाकलाय.
त्यावर निवट्या सरपटतात, थबकतात;
माझी सावली हलली की
सगळ्या एकदम बिळात.
कुणाला माझी भीती वाटावी
असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तिवराची मुळं बोटभर वर आलेली,
मोजायला घेतली, सोडून दिली.

उघडीच्या फळ्यांपाशी
गुडघाभर रुतलेली सुभद्रा तारी
चाचपत तिसऱ्या काढतेय.
मान वर न करता म्हणते,
"पाणी फिरला हां. माघारी जावा."

मला तर काहीच फिरलेलं दिसत नाही.
खाडी तशीच, पत्र्यासारखी पडून,
खंड्या तसाच खांबावर,
होडीचा दोर तितकाच सैल.

मग खाली बघतो.
मघाशी बांध उतरून
चार पावलं उगाच चिखलात टाकली होती;
त्यातलं सगळ्यात लांबचं
काठोकाठ भरलंय,
आणि नखाएवढा एक खेकडा
टाचेच्या कडेवर उभा राहून
आत उतरावं की नाही
ठरवतोय.