लेखी खुलासा

विषय: भिंतीवरची तसबीर.
संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस, सोमवारची.

साहेब,
पहाटे साडेपाचला मी गुरव असतो.
पिंडीवर पाणी, बेल, विभूती,
घंटेचा लोलक सैल झालाय, तो दोऱ्यानं आवळायचा.
दहाला मी शिपाई,
भूमापन कचेरी, दुसरा मजला.
मधे गंगावेशीत उभ्या उभ्या गलासभर दूध,
म्हशीची धार थेट गलासात,
आणि तिथंच मी एकातनं दुसऱ्यात जातो.

दोन्ही नोकऱ्यांत घोटाळा होऊ नये म्हणून
एकच खूण ठेवली होती एकतीस वर्षं:
तिथं चप्पल बाहेर, इथं चप्पल आत.
चप्पल कापशी. तळात विंचू बसवलेला,
पाऊल टाकलं की करकर.
कलेक्टर आले तरी करकर.
कचेरीत माणसानं असं वाजत यावं,
असं मला वाटायचं. कुणी विचारलं नाही.

मग आपण आलात.
आपल्या टेबलामागं देवी आली, हार आला,
उदबत्तीचं घर प्रॉपर्टी कार्डांच्या गठ्ठ्यावर.
मी हात जोडले. खोटं कशाला सांगू,
रोज मीच पुसायचो काच.
पंधरवड्यानं दारात पाटी:
पादत्राणे बाहेर काढावीत.

चपला बाहेर साठू लागल्या.
मी अनवाणी फायली वाहिल्या,
फरशी गार, आणि मी आलो की गेलो
कुणाला कळेना.

बुधवारी येसाप्पा गाडेकर आला.
सुभाषनगरचा. वय ऐंशीच्या पुढं.
माझ्या पायातली त्यानंच शिवलेली.
वारसनोंदीचा अर्ज, टोकन नंबर चौदा.
मी पुकारलं, चौदा.
तो दारात उभा, चप्पल काखेत धरून.
चौदा.
मी म्हटलं, येसाप्पा, आत या की.
म्हणाला, देव बसलाय न्हवं आत.
असूं दे, मी हितनंच बोलतो.

पंधरा आत गेला. सोळा गेला.

साहेब, तो उंबरा मला ठाऊक आहे.
माझा आजा देवळाच्या उंबऱ्यावर काठी घेऊन बसायचा.
कुणासाठी, ते लिहीत नाही,
आपण शिकलेले आहात.
काठी अजून घरात आहे,
तिच्यावर आता घेवड्याचा वेल चढवलाय.
काठीनं विसरायला दोन पिढ्या घेतल्या,
येसाप्पाच्या पायांना किती लागतील
मला सांगता येत नाही.
पाटी त्यांच्यासाठी नव्हती, मान्य.
पण पायांना वाचता येत नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी स्टुलावर चढलो.
पंचात गुंडाळली, सायकलला लावली,
पापाच्या तिकटीवरून हळू नेली, काच फुटेल म्हणून.
आमच्या देवळात पश्चिमेची भिंत मोकळी होती.
रोज दोन वेळा दिवा आहे. नैवेद्याला दूध.
इथं होती तेव्हा शनिवार-रविवार
बिचारी अंधारात, कुलपात असायची.

आपण विचारलंत, कुठं गेली?
मी म्हणालो, बदली झाली.
कुणाच्या आदेशानं?
मी म्हणालो, विनंती बदली.
ते बोलणं उद्धटपणाचं होतं, त्याची माफी मागतो.
बाकीच्याची नाही.

सात दिवसांत उत्तर मागितलंत, आज सहावा.
येसाप्पा काल परत आला.
उंबऱ्याशी थांबला, सवयीनं,
भिंतीवरचा पांढरा चौकोन बघत राहिला.
मग आत आला.
चपला घालून की काढून,
ते मी मुद्दाम पाहिलं नाही.
आवाज आला, एवढं नमूद करतो.

खिळा काढलेला नाही, सरकारी मालमत्ता आहे.
त्यानं त्याला आपली पिशवी अडकवली
आणि सही कुठं करायची, विचारलं.

आपला,
(सही)
शिपाई